ऋणातला ‘शॅल’, इच्छेतला ‘विल’

शेक्सपिअरच्या ‘कोरिओलेनस’ नाटकात तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच रोमच्या रस्त्यावर एक भांडण पेटतं. सामान्य जनतेला कस्पटासमान लेखणारा सेनापती कोरिओलेनस तोंडाला येईल ते बोलत असतो. लोकांचा प्रतिनिधी असलेला सिसिनिअस त्याला सुनावतो की तुझ्या मनातलं हे विष आहे तिथेच राहील, त्याची बाधा पुढे कुणाला होणार नाही. या ‘राहील’साठी सिसिनिअसच्या तोंडी ‘विल’ नाही, ‘शॅल’ आहे. कोरिओलेनसचं माथं भडकतं ते ‘विष’ ऐकून नव्हे, ‘शॅल’ ऐकून. बाकीचं वाक्य बाजूला टाकून तो त्या एका शब्दाला धरून बसतो, पुन्हा पुन्हा उच्चारतो, आणि भोवतीच्या सरदारांना विचारतो की या क्षुद्र माणसाचा हा ‘शॅल’ तुम्ही ऐकलात ना? सिसिनिअसने भविष्य सांगितलेलं नाही, आपल्यावर हुकूम चालवला आहे, हे त्याला तत्क्षणी कळलं. नाटक १६०८ च्या सुमाराचं. तेव्हाच्या लंडनच्या प्रेक्षकांनाही ते कळत असणार, नाहीतर शेक्सपिअरने एवढा प्रसंग एका सहायक क्रियापदावर उभा केला नसता. आणि ‘शॅल-विल’चा जो नियम आपण शाळेत शिकलो, तो तेव्हा कोणी कागदावर मांडलेलाही नव्हता.

तो नियम मराठी शाळांतल्या कित्येक पिढ्यांनी पाढ्यासारखा पाठ केला. ‘आय’ आणि ‘वुई’ला ‘शॅल’, बाकी सगळ्यांना ‘विल’. मात्र वचन, निश्चय, धमकी किंवा हुकूम असेल तर सगळं उलटं: ‘आय’ला ‘विल’, आणि ‘यू’, ‘ही’, ‘दे’ यांना ‘शॅल’. उलटं का, हे कोणी विचारलं तर ‘इंग्रजीत असंच असतं’ एवढंच उत्तर मिळायचं. खरं तर उत्तर आहे, आणि ते अवघड नाही. फक्त ते त्या नियमात सापडत नाही, कारण नियमाने चुकीच्या खुंटीवर दोर बांधला आहे. ‘शॅल’ आणि ‘विल’ यांच्यातला फरक मुळात प्रथम, द्वितीय, तृतीय पुरुषाचा नाही. जे घडायचं आहे त्याच्या मागे काय उभं आहे, बांधिलकी की इच्छा, याचा तो फरक आहे. पुरुषाचा प्रश्न त्यातून उपजतो आणि म्हणूनच दुय्यम ठरतो.

प्राचीन इंग्रजीत क्रियापदाचं स्वतंत्र भविष्यकाळी रूप नव्हतं. उद्याची गोष्टही वर्तमानकाळातच सांगत, जसं आपण ‘उद्या येतो’ म्हणतो. पुढे भविष्य वेगळं दाखवायची गरज पडली तेव्हा भाषेने दोन जुनी क्रियापदं कामाला लावली. एक होतं ‘स्कुलान’. त्याचा अर्थ देणं लागणं, ऋणी असणं. कुणाचे किती पैसे देणं आहे हे सांगायला ते अगदी रोकड्या अर्थाने वापरत. जर्मन भाषेत त्याच घराण्यातला ‘शुल्ड’ हा शब्द आजही कर्ज आणि अपराध असे दोन्ही अर्थ बाळगून आहे. ‘शॅल’ या ‘स्कुलान’चा वंशज, आणि ‘शुड’ हे त्याचंच भूतकाळी रूप. दुसरं क्रियापद ‘विलान’, म्हणजे इच्छिणं. त्यातून आलेलं ‘विल’ नाम म्हणून अजून इच्छाशक्तीसाठी वापरतात, आणि माणूस आपल्या मागे जो कागद ठेवून जातो त्यालाही ‘विल’च म्हणतात. मराठीने त्या कागदाला मृत्युपत्र म्हटलं, तसं इच्छापत्रही म्हटलं, आणि हे दुसरं नाव मुळाला जास्त धरून आहे. भाषेचे अभ्यासक ‘विल’चं नातं संस्कृतातल्या ‘वृ’ धातूशी जोडतात. म्हणजे वरणं, वर आणि स्वयंवर ही आपल्याकडची भावंडं. तेव्हा इंग्रजीचा भविष्यकाळ एका देणेकऱ्याने आणि एका इच्छुकाने मिळून चालवायला घेतला, असं म्हणायला हरकत नाही.

इथे पहिली हरकत रास्तपणे येते. शब्दाचं मूळ म्हणजे त्याचा आजचा अर्थ नव्हे. शब्द घर सोडून लांब जातात, आणि हजार वर्षांपूर्वी ‘शॅल’ कर्जासाठी वापरत म्हणून आजही त्यात कर्ज शोधणं हा व्युत्पत्तीचा हट्ट झाला. हरकत मान्य आहे, आणि पुरावाही तिच्या बाजूचा थोडा आहे. चौदाव्या शतकात विक्लिफच्या मंडळींनी बायबल लॅटिनमधून इंग्रजीत आणलं तेव्हा लॅटिनच्या साध्या भविष्यकाळासाठी त्यांनी सर्रास ‘शॅल’ योजला, आणि लॅटिनमध्ये जिथे ‘इच्छितो’ असं होतं तिथे ‘विल’ राखून ठेवला. त्यांच्या हातात ‘शॅल’ बराचसा निर्गुण झाला होता. इंग्लंडमधली वयस्कर माणसं पुढच्या वर्षी आपण सत्तर वर्षांचे होऊ हे सांगताना ‘आय शॅल बी’ म्हणतात, त्यात कसलं ऋण आणि कसली बांधिलकी? वय आपोआप वाढतं. तेव्हा केवळ मुळावर विसंबून चालणार नाही. मूळ खुणावतं तीच गोष्ट चालू वापरातही दिसते का, हे पाहिलं पाहिजे.

ती तपासण्याआधी नियम कसा जन्मला ते बघू. जॉन वॉलिस हे ऑक्सफर्डचे गणिती. अनंताचं चिन्ह म्हणून आडवा आठ रूढ केला तो त्यांनीच. १६५३ साली त्यांनी इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्ये, कारण ते परदेशी वाचकांसाठी होतं. या दोन शब्दांत परदेशी माणूस हमखास घसरतो, म्हणून वॉलिसनी त्याला आधाराला काठी दिली: स्वतःबद्दल बोलताना ‘शॅल’ नुसतं भाकीत करतो आणि ‘विल’ वचन देतो किंवा धमकावतो, दुसऱ्याबद्दल बोलताना याच्या उलट. शंभरेक वर्षांनी, १७६२ मध्ये, पुढे लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लौथ यांच्या व्याकरणात हीच गोष्ट आली, मग १७९५ च्या लिंडली मरे यांच्या शालेय पुस्तकातून ती इंग्लंड-अमेरिकेच्या वर्गावर्गांत पोहोचली. परक्यासाठी केलेली काठी घरच्या मुलांच्या हाती छडी होऊन आली. तिथून ती साम्राज्याबरोबर आपल्या वर्गांतही आली.

वॉलिसना वेड्यात काढायचं कारण नाही. त्यांनी टिपलेल्या नमुन्यात तथ्य होतं, आणि ते ऋण-इच्छेच्या भाषेत उलगडतं. मी माझ्याविषयी ‘आय शॅल’ म्हणतो तेव्हा मी स्वतःला परिस्थितीच्या, नियतीच्या, कर्तव्याच्या हवाली करतो. त्यात नम्रता आहे. ‘आय विल’ म्हणतो तेव्हा माझी इच्छा पुढे करतो, म्हणून ते वचन ठरतं. चर्चमधल्या विवाहात वधूवरांनी ‘आय विल’ म्हणायचं असतं ते याचसाठी. तिथे भाकीत काय कामाचं? आता समोरच्याविषयी बोलताना ‘यू विल’ म्हटलं तर त्याच्या इच्छेचा मान राखला जातो. ‘यू शॅल’ म्हटलं की मी त्याच्या इच्छेला बाजूला सारून माझ्याकडून त्याच्यावर काही लादतो. कोरिओलेनसला नेमकं हेच झोंबलं. पण लादणं नेहमी दुष्टच असतं असं नाही. सिंड्रेलाच्या गोष्टीत परी तिला सांगते की तू मेजवानीला जाशीलच, आणि इंग्रजीत तिथे ‘यू शॅल’ येतो. बंधन इथेही आहे, पण ते सिंड्रेलाच्या नाही, परीच्या गळ्यात आहे: हे घडवून आणायचं देणं आता परीच्या डोक्यावर. मराठीत हे ओझं ‘जाशीलच’मधला तो इवलासा ‘च’ उचलतो.

हे तत्त्व कळलं की पुरुषाचा तक्ता पाठ करावा लागत नाही. तक्ताच पाठ केला आणि तत्त्व सुटलं, तर काय होतं ते दाखवणारा एक विनोद इंग्रजांनी दोनेक शतकं चघळला. कुणी परका नदीत पडतो आणि ओरडतो: ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ काठावरचे सुसंस्कृत इंग्रज त्याचा अर्थ घेतात की हा बुडायचंच म्हणतो आहे आणि वाचवायला मनाई करतो आहे, आणि त्याच्या इच्छेचा मान राखून त्याला बुडू देतात. सांगणाऱ्याच्या सोयीनुसार हा बुडणारा कधी फ्रेंच असतो, कधी आयरिश, कधी स्कॉट. आयरिश आणि स्कॉट असण्यातच या विनोदाची मेख आहे. त्यांची मातृभाषा इंग्रजीच होती, पण लंडनची नव्हती. १९०६ साली ‘द किंग्ज इंग्लिश’ लिहिणाऱ्या फाउलर बंधूंनी या दोन शब्दांवर पानंच्या पानं खर्च केली आणि वर सांगितलं की दक्षिण इंग्लंडच्या माणसाला हे उपजत येतं, इतरांना साधणं जवळपास अशक्य. ज्या नियमाचं पालन जन्मस्थळावर अवलंबून असतं त्याला व्याकरण म्हणायचं की सोवळं, असा प्रश्न पडतो. त्यातही, १९२५ मध्ये चार्ल्स फ्राइज या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने सोळाव्या शतकापासूनची इंग्रजी नाटकं चाळून वापर मोजला, तर ‘आय’ आणि ‘वुई’बरोबरही ‘विल’चंच पारडं जड निघालं. म्हणजे नियमाची पहिली ओळ दक्षिणेतल्या शिष्टांच्या पलीकडे फारशी कधी चाललीच नव्हती.

आणि जिथे प्रथमपुरुषी ‘शॅल’ खरोखर गाजला, तिथे त्याचा अर्थ नियमाच्या नेमका विरुद्ध होता. ४ जून १९४० रोजी डंकर्कच्या माघारीनंतर चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत केलेलं भाषण ‘वुई शॅल फाइट’च्या आवर्तनांवर उभं आहे. शाळेच्या नियमाने वाचलं तर ते हवामानाच्या अंदाजासारखं नुसतं भाकीत ठरेल. १९४२ मध्ये फिलिपिन्स सोडून ऑस्ट्रेलियात आलेले जनरल मॅकआर्थर म्हणाले, ‘आय शॅल रिटर्न’, आणि जगाने ती प्रतिज्ञा म्हणूनच ऐकली. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीचं ‘वुई शॅल ओव्हरकम’ हे गाणं १९४७ साली छापलं गेलं ते ‘वुई विल’ असं. ‘शॅल’ नंतर आला, आणि त्या बदलाचं श्रेय लोकगायक पीट सीगर यांच्याकडे जातं. आपल्याला ते ‘हम होंगे कामयाब’ म्हणून पाठ आहे. त्या ‘होंगे’त हा फरक उतरायला जागाच नाही. कोणी म्हणेल, ही सगळी वक्तृत्वाची उदाहरणं, जुना भारदस्त शब्द वक्त्याला आवडतोच. पण भारदस्तपणा येतो कुठून? ‘विल’ही तितकाच जुना आहे. ‘आम्हाला लढायचं आहे’ यापेक्षा ‘लढणं आमच्यावर येऊन पडलं आहे, ते आम्ही चुकवणार नाही’ हे म्हणणं वेगळं, आणि ‘शॅल’ने हे दुसरं म्हणणं पोहोचतं.

मराठी माणसाला हा भेद परका वाटायचं कारण नाही, कारण त्याचा एक कोपरा आपल्या रोजच्या बोलण्यात जसाच्या तसा आहे. ‘मी खिडकी उघडू का?’ आणि ‘मी खिडकी उघडेन का?’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात मी तुमची मर्जी विचारतो, तुम्ही हो म्हणालात की उघडणं माझ्यावर आलं. दुसरं वाक्य ज्योतिषाला विचारावं तसं आहे. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘शॅल आय’ आणि दुसऱ्यासाठी ‘विल आय’. ‘निघू या?’ म्हणजे ‘शॅल वुई गो?’ आपलं हे ‘-ऊ’चं रूप ज्याला येतं त्याला ‘शॅल’चा आजचा सर्वांत जिवंत वापर आधीच येतो, त्यासाठी वेगळा नियम कशाला हवा? आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये मर्जी विचारतानाही ‘विल आय’ म्हणतात, हे खरं. तिथे मर्जीचा प्रश्न आणि भाकिताचा प्रश्न हे ऐकणारा प्रसंगावरून ओळखतो. भेद नाहीसा होत नाही, फक्त शब्दावरून उतरून प्रसंगावर जाऊन बसतो.

आणखी एक साम्य आहे, ते मात्र अर्धंच. प्रमाण मराठीत ‘मी करीन’ किंवा ‘मी करेन’, आणि ‘तो करेल’. विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात ‘मी करेल’ सर्रास ऐकू येतं, आता दूरचित्रवाणीवरही येतं, आणि पुण्या-मुंबईचे कान टवकारतात. प्रथमपुरुषाचं खास रूप तृतीयपुरुषाच्या रूपाने गिळायचं, आणि त्यावरून कोण कुठला आहे हे ताडायचं, हा खेळ दोन्हीकडे सारखाच. पण ‘करीन’ जाऊन ‘करेल’ आलं तर अर्थ कणभरही हलत नाही. ‘शॅल’ जाऊन ‘विल’ आला तर काही ठिकाणी हलतो. त्यामुळे मराठीतला वाद निव्वळ प्रमाणाचा आहे, इंग्रजीतला तसा नाही.

सगळ्यात जड हरकत कायद्याच्या बाजूने येते. ‘शॅल’ म्हणजे बांधिलकी असेल तर कायद्यात तो चोख चालायला हवा होता. उलट, कायद्यानेच त्याला नारळ द्यायला घेतला आहे. ‘ब्लॅक्स लॉ डिक्शनरी’चे संपादक ब्रायन गार्नर वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की एकाच दस्तऐवजात हा शब्द कधी सक्ती, कधी हक्क, कधी नुसतं भविष्य सांगतो. दक्षिण आफ्रिकेने १९९६ च्या राज्यघटनेत त्याऐवजी ‘मस्ट’ वापरला. अमेरिकेत संघीय न्यायालयांच्या दिवाणी कार्यपद्धतीचे नियम नव्याने लिहिले, ते १ डिसेंबर २००७ पासून लागू झाले आणि त्यांतून ‘शॅल’ गेला. आपल्या राज्यघटनेत तर तो पहिल्या अनुच्छेदापासून आहे: भारत हा राज्यांचा संघ ‘असेल’, असं त्याचं मराठी झालं. इथे कोणावर कसलं बंधन आहे, असं गार्नर यांच्या पंथाचा माणूस विचारील, आणि त्याचं बरोबर असेल. हा ‘शॅल’ घोषणेचा आहे. चौदाव्या अनुच्छेदातला ‘शॅल’ मात्र सरळ राज्यसंस्थेला बांधतो, आणि मराठीत तिथे ‘नाकारणार नाही’ असं भविष्यरूपच त्या बंधनाचं काम करतं.

मग ३२०वा अनुच्छेद. त्यात म्हटलं आहे की सरकारी नोकरांच्या शिस्तभंगासारख्या बाबींत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेतला जाईल, आणि शब्द ‘शॅल’ आहे. आयोगाला न विचारताच कारवाई झाली तर ती रद्द होते का? १९५७ मध्ये ‘उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध मनबोधन लाल श्रीवास्तव’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नाही. ही तरतूद निदेशात्मक आहे, तिच्यात चूक झाल्याने कारवाई बाद ठरत नाही. वरवर पाहता न्यायालयाने ‘शॅल’मधली हवाच काढून घेतली. पण निकालाने ‘विचारलं नाही तरी चालेल’ असं म्हटलेलं नाही. प्रश्न होता बंधन मोडल्यावर काय व्हायचं याचा, आणि ते त्या एका शब्दावरून ठरत नाही. हेच सदतिसाव्या अनुच्छेदात एका वाक्यात दिसतं. मार्गदर्शक तत्त्वं न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत, पण कायदे करताना ती लागू करणं हे राज्याचं कर्तव्य असेल, दोन्हीकडे ‘शॅल’. सावकारी भाषेत सांगायचं तर देणं कबूल आहे, वसुलीचा दावा लावता येत नाही. मुदत टळलेलं कर्ज कोर्टात वसूल होत नाही म्हणून ते कर्ज नव्हतंच असं कोणी म्हणत नाही. ‘शॅल’ बांधतो, किती आवळायचं हे तो सांगत नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी एकाच शब्दाला दोन्ही कामं सांगितली, हा त्यांचा दोष. तंत्रज्ञांनी तो केला नाही. आंतरराष्ट्रीय मानकांच्या भाषेत ‘शॅल’ म्हणजे पाळायलाच हवी अशी अट, ‘शुड’ म्हणजे शिफारस, ‘मे’ म्हणजे मुभा, हे आधीच ठरवून दिलेलं असतं, आणि बोल्ट किती जाडीचा हवा यावरून तिथे कोणाला शब्दार्थाचा कीस पाडावा लागत नाही.

राहता राहिलं रोजचं बोलणं. तिथे हा तंटा एका अक्षराने परस्पर मिटवला आहे. बोलताना इंग्रज माणूस ना पूर्ण ‘शॅल’ म्हणतो, ना पूर्ण ‘विल’. ‘आय’ल’, ‘यू’ल’, ‘दे’ल’ एवढंच ऐकू येतं, आणि त्या ‘ल’च्या मागे कोण दडलं आहे हे बोलणाऱ्यालाही सांगता येणार नाही. आपल्या ‘येईल’, ‘जाईल’च्या शेवटीही ‘ल’च आहे, हा अर्थात योगायोग. पण प्रश्नाच्या तोंडाशी हा ‘ल’ बसत नाही. ‘ल आय ओपन द विंडो?’ असं कोणी म्हणू शकत नाही. तिथे पूर्ण शब्द उच्चारावाच लागतो, आणि दोघांतला एक निवडावा लागतो. कायद्याच्या आणि मानकांच्या कागदावरही अशी आखूड रूपं चालत नाहीत. म्हणून खिडकी उघडायची परवानगी मागणारा पाहुणा आणि निविदेच्या अटी लिहिणारा अभियंता, एरवी ज्यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही, ते दोघे आज ‘शॅल’ सांभाळून आहेत.